कोंबडी, शिकरा आणि चार सेकंद

भोर किंवा वेल्हे तालुक्यातील कोणत्याही वाडीत सकाळी गेलात, तर अंगणात माती उकरणारी एक कोंबडी आणि तिच्या पायांत घोटाळणारी आठ-दहा पिल्ले हमखास दृष्टीस पडतील. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, येथे आपण लोकांच्या तोंडचे जुने नावच वापरू.) त्याच अंगणात पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा डोकावा. पिल्ले चार-पाचच उरलेली असतात. घरच्या आजीला विचारा. "दोन घारीनं नेली, एक मुंगसानं धरलं, बाकीची कुठं गेली कुणास ठाऊक, बाळा," असे उत्तर मिळेल. ते सांगताना तिला फारसे नवल वाटलेले दिसणार नाही. एवढे नुकसान व्हायचेच, असे धरूनच ती अंडी उबवायला ठेवते.

मग कोंबड्या कोंडूनच का ठेवू नयेत? कारण गावठी कोंबडी परवडते ती मोकळी असते म्हणूनच. उकिरड्यातले किडे, बांधावरची वाळवी, कोवळा पाला, भात आणि नाचणी झोडताना सांडलेले दाणे यांवर ती आपले पोट आपण भरते. तिला कोंडले की खाद्य विकत आणावे लागते आणि अंड्यांचे जे चार पैसे घरच्या बाईच्या हाती यायचे, ते खाद्यावरच जातात. म्हणजे कोंबडी हिंडलीही पाहिजे आणि संध्याकाळी परतलीही पाहिजे. हा प्रश्न पशुपालनाचा आहे खरा, पण त्याचे निम्मे उत्तर तुमच्या भौतिकीच्या पुस्तकात आहे. दिवसा तो सेकंदांचा प्रश्न असतो आणि रात्री सेंटिमीटरचा.

शत्रूंचे वेळापत्रक

या दोन तालुक्यांत पश्चिमेकडे, म्हणजे रायरेश्वर, राजगड, तोरणा या डोंगरांच्या बाजूला, पाऊस दांडगा आणि झाडी दाट. पूर्वेला नसरापूर, किकवीकडे यावे तसा पाऊस कमी होत जातो आणि माळ उघडा होतो. त्यामुळे शत्रू थोडेफार बदलतात, पण वेळापत्रक सगळीकडे सारखेच. दिवसा शिकरा, घार, कावळा, मुंगूस आणि मोकाट कुत्री. कातरवेळी आणि पहाटे कोल्हा आणि रानमांजर. रात्री उदमांजर, घूस, साप आणि जंगलाच्या कडेला बिबट्या. घोरपडीचा आणि धामणीचा डोळा अंड्यांवरही असतो.

यांतील प्रत्येकाची ताकद निरनिराळी. शिकरा कबुतराएवढा पक्षी. त्याचे वजन फार तर पाव किलोच्या आसपास. दीड किलोची कोंबडी उचलणे त्याला शक्य नाही, तो पिल्लांच्या मागावर असतो. घारीचेही तेच. त्यामुळे आकाशातून येणारा धोका मुख्यतः पहिल्या दीड-दोन महिन्यांचा आहे. मोरघारीसारखा मोठा शिकारी पक्षी मात्र चांगली वाढलेली तलंगही मारू शकतो.

चार सेकंदांचा हिशेब

आता शिकऱ्याची झेप घेऊ. त्याचा पंखविस्तार सुमारे ६० सेंटिमीटर असतो. झेपेचा वेग दर वेळी निराळा असणार, पण गणितासाठी तो सेकंदाला १५ मीटर धरू. कोंबडीने त्याला ६० मीटरवर पाहिले, तर तो पोहोचायला ६० ÷ १५ म्हणजे ४ सेकंद लागतील.

या चार सेकंदांत कोंबडीच्या डोळ्याला काय दिसते? ६० मीटरवरची ६० सेंटिमीटरची वस्तू डोळ्याशी १/१०० रेडियन, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित मोठा कोन करते. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला जवळजवळ तेवढाच दिसतो. दोन सेकंदांनी शिकरा ३० मीटरवर येतो, कोन दुप्पट होतो. तिसऱ्या सेकंदाला तो १५ मीटरवर, कोन चौपट. साडेतिसाव्या नव्हे, साडेतीन सेकंदांनी तो साडेसात मीटरवर आणि कोन आठपट! प्रतिमा आधी रेंगाळत वाढते आणि शेवटच्या क्षणी एकदम फुगते.

येथे एक सुंदर गोष्ट लपलेली आहे. पक्ष्याची रुंदी w, अंतर d आणि वेग v असेल, तर कोन w/d इतका आणि कोन वाढण्याचा दर wv/d² इतका. पहिल्याला दुसऱ्याने भागा. w निघून जातो आणि उरतो d/v, म्हणजेच टक्कर होईपर्यंतचा वेळ! शत्रू केवढा आहे, किती दूर आहे, किती वेगाने येतो आहे, यांपैकी काहीही ठाऊक नसताना केवळ प्रतिमा कशी फुगते यावरून 'किती वेळ उरला' हे कळू शकते. पक्ष्यांचा मेंदू हा भागाकार खरोखरच करतो. कबुतरांच्या मेंदूत, वस्तू अंगावर येत असता टकरीला ठरावीक वेळ उरला की उत्तेजित होणाऱ्या चेतापेशी सापडल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. अकरावीतले विकलन कबुतराला उपजत येते असे म्हणायला हरकत नाही.

आता पळण्याचा हिशेब. दचकून पाय उचलायला अर्धा सेकंद गेला असे धरू. उरले साडेतीन सेकंद. मोठी कोंबडी सेकंदाला ३ मीटर पळते असे मानले, तर ती साधारण १०.५ मीटर जाईल. आठ-दहा दिवसांचे पिल्लू सेकंदाला १ मीटर पळते असे मानू. ते साडेतीन मीटर जाईल. आडोसा याहून दूर असेल, तर पिल्लू गेले.

पण हे झाले उघड्या माळावर. वेल्ह्याच्या झाडीत शिकरा आंब्याच्या फांदीत दबा धरून बसतो आणि खालून, झाडांच्या आडून येतो. तो २० मीटरवर दिसला तर हाती फक्त १.३ सेकंद. त्यातून दचकण्याचा अर्धा सेकंद वजा करा. कोंबडी अडीच मीटर जाईल आणि पिल्लू पाऊण मीटर, म्हणजे दोन हातसुद्धा नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो, की अंगण लहान की मोठे याला फारसे महत्त्व नाही. अंगणातील सर्वांत वाईट जागेपासून जवळचा आडोसा किती दूर आहे, हे पाहायचे. समजा, अंगणावर ५-५ मीटरचे चौकोन कल्पिले आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक आडोसा ठेवला. मग मध्यापासून सर्वांत दूर म्हणजे चौकोनाचा कोपरा. पायथागोरसच्या प्रमेयाने ते अंतर सुमारे ३.५ मीटर येते. माळावरच्या पिल्लासाठी आपल्याला हवे होते तेवढेच! २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अंगणाला असे १६ आडोसे लागतील. झाडीतल्या वाडीत ते याहून दाट हवेत, निदान पिल्ले लहान आहेत तोवर.

आडोसा कसला?

सोळा हा आकडा ऐकून घाबरू नका. सोडलेली बैलगाडी, बाज, चार दगडांवर ठेवलेले जुने दार, उलटे मांडलेले फुटके डालगे, करवंदीची जाळी, हे सारे आडोसेच. या डोंगरात राहणारा राखी रानकोंबडा फार काळ उघड्यावर थांबत नाही, झाडीच्या कडेकडेने चरतो आणि जरा खुट्ट झाले की जाळीत घुसतो. आपल्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी त्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक या राखी रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा जाळीकडे धावणे कोंबडीच्या रक्तातच आहे. आपण जाळी तोडून अंगण चकचकीत केले की तिची पंचाईत होते. लखलखीत सारवलेले, झाडझाडोऱ्याचा मागमूस नसलेले अंगण पाहुण्यांना छान दिसते, पण शिकऱ्याला त्याहून छान दिसते.

तथापि आडोशात एक मेख आहे. ज्या झुडपात पिल्लू लपते, त्याच झुडपात मुंगूस आधीच लपलेले असू शकते, आणि मुंगूस भरदिवसा शिकार करते. म्हणून आडोसा वरून बंद आणि खालून उघडा असावा. करवंदीची जाळी जमिनीपासून वीतभर छाटून टाकावी. कोंबडीचा डोळा जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीवर असतो. मान जरा खाली केली की तिला छाटलेल्या भागातून आरपार दिसले पाहिजे. भिंतीला चिकटून रचलेली सरपणाची रास हा मुंगसाचा आणि घुशीचा वाडाच होय. तीच रास चार दगडांवर उचलून रचली, तर तिचा आडोसा होतो.

कोंबड्याची शिट्टी

साठ मीटरवरचा शिकरा मुळात दिसतो कोणाला? कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता तिला सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो. तरी दाणे टिपताना लक्ष खाली असते. येथे कोंबडा उपयोगी पडतो. आकाशातला शत्रू दिसला की तो एक लांबट, चिरकी हाळी देतो. जमिनीवरचा शत्रू दिसला तर तुटक 'कॅक्-कॅक्-कॅक्' असा गलका करतो. १९९३ साली ख्रिस्तोफर एव्हान्स, लिंडा एव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवले. कोठेही शत्रू नव्हता. तरीही पहिला आवाज ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या आणि दबून बसल्या. दुसरा ऐकून मान उंच करून इकडेतिकडे पाहू लागल्या. म्हणजे नुसती 'भीती' कळवली जात नाही, शत्रू कोणत्या जातीचा आहे हेही कळवले जाते.

दोन आवाज असे निराळे का? आवाज कोणत्या दिशेने आला हे आपण दोन कानांत तो पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून ओळखतो. शिकऱ्याच्या दोन कानांत ३ सेंटिमीटर अंतर धरले, तर हा फरक जास्तीत जास्त ०.०३ ÷ ३४० सेकंद, म्हणजे सेकंदाचा सुमारे अकरा हजारावा भाग. इतका सूक्ष्म फरक पकडायला आवाजाला टोकदार सुरुवात हवी आणि त्यात पुष्कळ कंप्रतांची सरमिसळ हवी. तुटक गलक्यात हे दोन्ही असते. लांबट, एकसुरी आवाजात ते कमी असते, म्हणून तो कोठून आला हे हुडकणे अवघड जाते. पक्ष्यांच्या इशाऱ्यांबद्दल हा विचार मार्लर यांनी १९५५ सालीच मांडला होता. आणखी गंमत अशी, की कोंबडा एकटाच असेल तर शिकरा दिसूनही तो बहुधा गप्प राहतो. जवळ कोंबडी असेल तर ओरडतो. अंडी कोंबड्याशिवायही मिळतात म्हणून त्याला विकून टाकणाऱ्यांनी हा पहारा हिशेबात धरलेला नसतो.

बुजगावणी, चकाकत्या पट्ट्या, झाडाला टांगलेल्या जुन्या सीडी यांवर माझा फारसा विश्वास नाही. चार दिवस शिकरा बिचकतो, मग सरावतो. सवयीने भीती मोडते हे पक्ष्यांच्या बाबतीत चांगले तपासले गेलेले आहे. लोरेन्झ आणि टिनबर्गन यांनी १९३७ साली पक्ष्यांच्या पिल्लांवरून पुठ्ठ्याची आकृती फिरवली. ती आखूड मानेच्या ससाण्यासारखी सरकली की पिल्ले घाबरत. उलट दिशेने, लांब मानेच्या हंसासारखी सरकली की घाबरत नसत. पुढे १९६१ साली श्लाइट यांनी टर्की पक्ष्यांवर प्रयोग करून दाखवले, की पिल्ले वारंवार दिसणाऱ्या आकृतीला सरावतात आणि क्वचित दिसणारीला भितात. बुजगावणे लावायचेच असेल, तर ते रोज हलवा.

कातरवेळ

सूर्य मावळल्यावर उजेड किती झपाट्याने जातो हे मोजण्यासारखे आहे. निरभ्र आकाश असता सूर्यास्ताच्या वेळी जमिनीवर सुमारे ४०० लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत तो तीन-चार लक्सवर येतो, म्हणजे शंभराव्या हिश्श्यावर. भोर सुमारे १८ उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे मार्च-सप्टेंबरात हे सारे सुमारे २२ मिनिटांत उरकते. लंडनला त्याच दिवसांत ३३ मिनिटे लागतात. युरोपातील पुस्तके वाचून कोंबड्या कोंडण्याची वेळ ठरवणाऱ्याची येथे दहा मिनिटांची चूक होईल.

कोंबडीला रंग उत्तम दिसतात, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात, पण अंधुक उजेडात तिची नजर चालत नाही. कोल्हा आणि रानमांजर यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. एकदा आत गेलेला प्रकाश तो परत फिरवून दुसऱ्यांदा वापरू देतो. बॅटरीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात ते त्यामुळेच. या बावीस मिनिटांत दोघांच्या नजरेतला फरक वाढतच जातो. त्यात डोंगराची भर. वाडीच्या पश्चिमेचा कडा क्षितिजावर १० अंश उंच असेल, तर पंचांगातील सूर्यास्ताच्या सुमारे ४० मिनिटे आधीच वाडीवर सावली येते आणि रानातली हालचाल सुरू होते. तेव्हा सूर्य कड्याआड गेला की ओंजळभर दाणे टाकून, रोज एकाच हाकेने, कोंबड्या बोलवाव्यात. दिवेलागणीची वाट पाहू नये.

सकाळी कधी सोडाव्यात? कोंबडा आरवला की, असे पुष्कळजण म्हणतात. पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण दुसऱ्या अंगानेही खरी आहे: कोंबडे झाकले म्हणून ते आरवायचेही राहत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठात कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, तरी ते रोज पहाटेच्या सुमारास आपोआप आरवत राहिले. त्यांच्या शरीरात घड्याळ असल्याचे हे संशोधन २०१३ सालचे. म्हणजे बांग ही उजेडाची खूण नव्हे. झाकण उचलायचे ते हातावरच्या रेषा स्पष्ट दिसल्यावर.

रात्रीचे सेंटिमीटर

रात्री कोंबडी पळू शकत नाही, त्यामुळे सेकंदांचे गणित संपते. आता भोक केवढे आणि तार केवढी, एवढेच महत्त्वाचे. बाजारात षट्कोनी भोकांची जी कोंबडीजाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे; कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. तारेचा गेज जितका मोठा, तितकी तार बारीक, हे ध्यानात घ्या. २० गेजची तार सुमारे ०.९ मिलिमीटर जाड, तर १४ गेजची सुमारे २ मिलिमीटर. जाडी सव्वादोन पटीहून थोडी कमीच, पण तार वाकवायला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो सुमारे चोवीस पट होतो. वजन आणि किंमत मात्र पाचच पट. माझ्या मते थोड्या पैशांत मोठा तकलादू पिंजरा करण्यापेक्षा जाड तारेचे लहान खुराडे करावे. ते फक्त रात्रीपुरते आहे, दिवसाला अंगण आहेच. भोक अर्ध्या इंचाहून मोठे नको, कारण बारीक साप आणि घुशीचे पिल्लू इंचभर फटीतूनही जाते. खुराड्याभोवती हातभर रुंदीचे चपटे दगड बसवले, की उकरणाऱ्याचे काम अडते. दगडाला आपल्या तालुक्यात तोटा नाही.

ज्यांच्याकडे डालगेच आहे, त्यांच्यासाठी थोडे यांत्रिकी. डालग्याचा व्यास ८० सेंटिमीटर, उंची ५०, वजन २ किलो आणि वर १० किलोचा दगड. ते उलटवायला माथ्याशी आडवा जोर किती लागेल? कडेभोवती आघूर्ण घ्या: १२ × ४० ÷ ५०, म्हणजे ९.६ किलोभार. तीन-चार किलोच्या उदमांजराला ते साधणार नाही. पण घर्षणगुणांक ०.५ धरला, तर ६ किलोभारानेच डालगे जमिनीवर घसरू लागते! उलटण्याच्या आधी ते सरकते, आणि खड्ड्यावर आले की कडेखाली फट पडते. म्हणून एक दगड माथ्यावर आणि चार दगड कडेला बाहेरून टेकवून ठेवावेत. बिबट्यापुढे यांतले काहीच टिकत नाही. जंगलालगतच्या वाडीत कोंबड्या रात्री घरात, बंद दाराआडच हव्यात.

सापळे आणि विष यांचा मोह कोणाला झाला, तर त्याला सांगा की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस, रानमांजर, कोल्हा, शिकरा या सर्वांना संरक्षण दिले आहे. शिवाय जे मुंगूस महिन्याला एखादे पिल्लू नेते, तेच कणगीभोवतीचे उंदीर मारते. विषाचा घास तर घरचे कुत्रेही खाते.

करून पाहा

सुतळीला दर मीटरवर गाठ मारून तुमच्या अंगणाचा नकाशा काढा. त्यावर सारे आडोसे दाखवा आणि प्रत्येकाभोवती साडेतीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. वर्तुळांबाहेर उरलेली जागा रंगवा. पिल्ले हरवतात ती याच जागेत का, हे महिनाभर तपासा. पिल्लू किती वेगाने पळते हा आकडा आपण वर मानून घेतला आहे. त्याला दाण्याकडे धावायला लावून घड्याळाने तो मोजा आणि गणित नव्याने करा. शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात वेगवेगळ्या वाड्यांचे आकडे फळ्यावर मांडून तुलना करावी.

नुकसान झाले की चार गोष्टी वहीत लिहा: वेळ, जागा, जवळच्या आडोशापर्यंतचे अंतर आणि उरलेल्या खुणा. एकाच ठिकाणी उपटलेली पिसे बहुधा शिकारी पक्ष्याची खूण. काहीच मागे नसेल, तर पिल्लू उचलून नेलेले असते. रात्रीच्या पाहुण्यासाठी खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून पातळ पसरा आणि सकाळी ठसे पाहा. चार बोटे आणि नखांच्या खुणा असल्या तर कुत्रा किंवा कोल्हा, चार बोटे पण नखे नाहीत तर मांजर किंवा रानमांजर, आणि पाच बोटे उमटली असतील तर उदमांजर किंवा मुंगूस. ठशाशेजारी एक नाणे ठेवून चित्र काढा, म्हणजे माप चुकणार नाही.